नऊ पाइन आणि एक पलंगपोस

भांडण पेटलं ते एका पलंगपोसावरून. पलंगपोस पांढराशुभ्र, कडेने निळी वेल भरलेली, आणि मालकीण म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांची बायको. अख्खी वसाहत तिला बाईसाहेब म्हणायची. नवराही म्हणायचा, पण तो नेमका कुठल्या सुरात म्हणतो हे लग्नाला बावीस वर्षं होऊनही तिला ठरवता आलं नव्हतं.

सकाळी दोरीवर घातलेला पलंगपोस बाईसाहेब संध्याकाळी काढायला गेल्या, तर तो त्यांच्या बोटांना चिकटला. उजेडात धरून पाहिला तर पाकाचे शिंतोडे उडावेत तसे शेकडो ठिपके, आणि त्यांतल्या काहींवर काळं काळं धरलेलं. दोरीचं एक टोक बंगल्याच्या भिंतीला आणि दुसरं पाइनच्या झाडाला होतं. बाईसाहेबांनी वर पाहिलं. झाड नेहमीसारखंच उभं होतं. त्याचं ते शांत उभं राहणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं.

"काकूंना बोलवा," त्या म्हणाल्या.

बागेच्या काकू आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तेही सासऱ्यांचे, दोन नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलेले. बावन्न वर्षांच्या, सडपातळ, आणि चालताना त्या बुटांचा फटक्-फटक् असा आवाज व्हायचा की वसाहतीतल्या बायका घड्याळ न बघता सांगायच्या, सहा वाजले, काकू पाणी द्यायला निघाल्या.

काकूंनी ठिपक्याला बोट लावलं आणि बोट जिभेला लावलं.

"शी! काकू!"

"गोड आहे," काकू म्हणाल्या. "वर मावा पडलाय. सुयांच्या बुडाशी बघा, बारीक किडे रांगेने बसलेत. झाडाचा रस पितात, आणि जास्तीचा खाली टाकतात."

"टाकतात म्हणजे? थुंकतात?"

काकूंनी क्षणभर शब्द शोधला. सापडला नाही. "थुंकत नाहीत. मागून टाकतात."

याच दोरीवर वाळलेल्या, जोडीतल्या दुसऱ्या पलंगपोसावर बाईसाहेब आदल्या दिवशी दुपारी गाल टेकून झोपल्या होत्या. त्या आत जाऊन तीनदा तोंड धुऊन आल्या आणि मग म्हणाल्या, "हे झाड पाडायचं."

"एकावरच नाही ना मावा, सगळ्या नऊंवर आहे," काकू म्हणाल्या. खरं बोलायची त्यांना वाईट खोड होती.

"मग नऊच्या नऊ."

*

ती नऊ झाडं फाटकापासून बंगल्यापर्यंत एका ओळीत उभी होती आणि ती काकूंच्या सासऱ्यांनी लावलेली होती. सासरे वसाहतीचे पहिले माळी. माणूस अबोल; दिवसाला मोजून वीस शब्द बोलणार, त्यातले पंधरा रोपांशी. त्यांच्यामागे काम मुलाकडे जायचं, पण मुलगा फुलाकडे नुसतं पाहिलं तरी शिंकायचा. एकदा तर तो फुलांचं चित्र असलेल्या कॅलेंडरसमोर शिंकला होता, अशी गोष्ट घरात सांगितली जायची. तो कारखान्यात खोक्यांवर लेबलं चिकटवायला लागला आणि म्हाताऱ्यानं सुनेला बागेत नेलं.

आठ वर्षं ती त्यांच्या मागे मागे हिंडली. चूक केली की म्हातारा तिच्या हातातलं खुरपं काढून घ्यायचा, ते काम स्वतः करायचा आणि खुरपं परत द्यायचा. बरोबर केलं की काहीच व्हायचं नाही. शेवटच्या वर्षी काठी टेकत तो झाडांपाशी आला, तिसऱ्या पाइनच्या खोडावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता ही तुझी." एवढंच. त्यानंतर घरी जाऊन आजारी पडला तो उठलाच नाही. काकूंना शाळेचा दाखलाही नीट मिळाला नव्हता; आयुष्यात मिळालेलं प्रमाणपत्र ते हेच, तीन शब्दांचं.

आणि आता त्याच झाडांवर मावा. तो आला कुठून हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. तो आला होता तक्तेसाहेबांच्या कृपेने.

तक्तेसाहेब म्हणजे वसाहतीचे देखभाल अधिकारी. त्यांना हे नाव पडलं ते भिंतीवरच्या तक्त्यांमुळे. दिव्यांचा तक्ता, नळांचा तक्ता, कुत्र्यांचा तक्ता. कुत्री मरायची, पण तक्त्यातून सहजासहजी जायची नाहीत. मागच्या वर्षी कारखान्याचे संचालक भेटीला येणार म्हणून तक्तेसाहेबांना झाडं जास्त हिरवी हवी होती. त्यांनी पाइनच्या बुंध्याशी पोत्यांनी युरिया ओतला.

"साहेब, नका," काकू म्हणाल्या होत्या. "एवढं खाऊन झाडाला कोवळं फुटेल. कोवळ्यावर कीड येते."

"कीड येऊ नये म्हणून फवारणीही घेतलीय मी," तक्तेसाहेब म्हणाले होते आणि त्यांनी एक जहाल औषध असं मारलं, की आठवडाभर वसाहतीत एक माशीसुद्धा उडाली नाही. झाडं हिरवीगार झाली. संचालक गाडीतून आले, गाडीतूनच गेले. काच वर होती.

औषधाने किडे मेले, तसे किडे खाणारेही मेले. पुढच्या हंगामात मावा परत आला. त्याला खाणारा मात्र कोणी उरला नव्हता, आणि खायला समोर युरियावर पोसलेली नऊ झाडं.

*

सभा क्लबच्या हॉलमध्ये झाली, टेबल टेनिसच्या टेबलावर चादर घालून. बाईसाहेब मधोमध, त्यांच्या कॉलरवर लाल मिन्याचा, काळ्या ठिपक्यांचा लेडीबर्डचा ब्रोच. ही त्यांची आवड सगळ्यांना माहीत होती. त्यांच्याकडे लेडीबर्डची छत्री होती, लेडीबर्डचे कप होते, आणि फ्रीजवर सात लेडीबर्ड चुंबकाने चिकटलेल्या होत्या. उजवीकडे तक्तेसाहेब. डावीकडे अकाउंटंटची बायको, जिला सगळे अकाउंटंटीणबाई म्हणत. झाडं गेली तर त्या जागी गाड्यांसाठी शेड होणार होती आणि तिची गाडी नवीकोरी होती. त्यामुळे तिला अचानक स्वच्छतेचा फार कळवळा आला होता.

काकूंना आधी बाहेर बसवलं, मग आत बोलावलं, मग उभंच ठेवलं.

"लाकूडवाल्याला पुढच्या महिन्याच्या एक तारखेला यायला सांगितलंय," तक्तेसाहेब म्हणाले. "तुमचं काही म्हणणं?"

"मला हा महिना द्या," काकू म्हणाल्या. "रोज पहाटे जोराचं पाणी मारते, निम्मा मावा तिथेच खाली येतो. साबणाचं पाणी फवारते. खोडाला चिकट पट्ट्या बांधते, म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत."

"मुंग्यांचा काय संबंध?" अकाउंटंटीणबाई.

"तो गोड रस मुंग्यांना लागतो. म्हणून त्या माव्याची राखण करतात, गवळी गाई राखतो तशी. माव्याला खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकून लावतात."

"ढालकिडे काय आणखी?"

काकूंनी बाईसाहेबांच्या कॉलरकडे बोट केलं. "ते."

"लेडीबर्ड!" बाईसाहेबांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "लेडीबर्ड खातात हे किडे?"

"एक ढालकिडा जन्मात हजारो खातो. फक्त यंदा विषारी औषध मारू नका. तेवढं एक करा."

बाईसाहेब विचारात पडल्या. अकाउंटंटीणबाई खाकरली. "पण एक तारखेला झाड सुधारलंय की नाही, हे ठरवणार कोण? काकूच?"

तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमचा पलंगपोस ठरवेल. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तोच पलंगपोस त्याच दोरीवर दिवसभर घाला. संध्याकाळी डाग दिसला, तर मी स्वतः लाकूडवाल्याला दोर धरायला येते."

तक्तेसाहेबांना अट इतकी आवडली की त्यांनी लगेच रकाने आखले.

*

काकू कामाला लागल्या. कारखान्याचं अग्निशमन पथक दर गुरुवारी नळीची चाचणी म्हणून मोकळ्या मैदानावर पाणी मारायचं. काकूंनी त्यांना मैदानाऐवजी पाइनवर मारायला लावलं. माव्याचे लोंढे खाली आले. खोडांना ग्रीस लावलेल्या फडक्यांच्या पट्ट्या बसल्या. पण उंच फांद्यांवर नळीही पोहोचेना आणि ढालकिडे तर मोजायला एका हाताची बोटं पुरावीत इतके. काकू संध्याकाळी मान वर करकरून दुखऱ्या मानेने घरी यायच्या.

आठव्या दिवशी बंगल्यातून किंकाळी आली.

बाईसाहेबांच्या गुलाबांवर काहीतरी चालत होतं. काळपट, अंगावर काटे, पाठीवर नारिंगी डाग, सहा पाय. मगरीचं पिल्लू नखाएवढं केलं तर कसं दिसेल, तसं. एक नाही, पंचवीस-तीस. काकू पोहोचेपर्यंत बाईसाहेबांनी त्यातली अर्धी चपलेने चिरडली होती आणि तक्तेसाहेब भिंगातून उरलेली न्याहाळत होते.

काकूंनी मध्ये हात घातला. "अहो, मारू नका! ही ढालकिड्याची पिल्लं आहेत!"

"काकू," बाईसाहेब चप्पल हातात धरून दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "लेडीबर्ड मला माहीत आहे. ती किती गोंडस असते. हे असलं ध्यान तिच्या पोटी जन्मेल?"

"लहानपणी अशीच दिसतात. मोठी झाली की..."

"तुमचा गैरसमज होतोय," तक्तेसाहेब भिंग पुसत म्हणाले. "हा तर मावाच आहे. प्रौढ अवस्थेतला. आधी बारीक हिरवट, मग वाढून असा. ठिपके बघा, अगदी आक्रमक." आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एक नवा तक्ता उभा राहिलेला काकूंना स्पष्ट दिसला.

दुसऱ्या दिवशी वसाहतीत जागोजागी फलक लागले. त्या पिल्लाचा वीतभर मोठा केलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत "शत्रू ओळखा". प्रत्येक घराने आपल्या अंगणातली कीड वेचावी. सर्वांत जास्त वेचणाऱ्या घराला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस.

*

"आई, बूट बाहेर," सून म्हणाली.

काकूंची सून वसाहतीच्या बालवाडीत शिकवायची. दिवसभर चाळीस मुलांना रांगेत उभं केल्यामुळे घरी आल्यावरही ती सगळ्यांना रांगेत उभं करायची, सासूलाही.

"काढतेय गं."

"तोंड का असं?"

"पोरांना मारायला निघालेत."

"कुणाच्या?"

"ढालकिड्यांच्या."

"हात्तिच्या," आरामखुर्चीतून काकूंचे यजमान म्हणाले. "मला वाटलं आपल्या."

सुनेने गॅस बारीक केला आणि सगळं ऐकून घेतलं. मध्येच हसली, मग हसणं आवरलं. "म्हणजे अख्खी वसाहत आता दारोदार हिंडून ती पिल्लं गोळा करणार?"

"हो. आणि मारणार. मी ओरडून सांगितलं, कुणी ऐकेना."

"ओरडलात तिथेच चुकलात. बालवाडीत मी कधी ओरडते? आई, तुम्हाला पाइनवर काय हवंय?"

"ढालकिडे."

"आणि वसाहत फुकटात काय वेचणार आहे?"

काकू बूट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते पाहून यजमान खुर्चीत ताठ बसले. "काय चाललंय तुमचं? मला त्यात घेऊ नका हं. मी शिंकेन."

"पण मी खोटं नाही बोलणार," काकू म्हणाल्या.

"बोलूच नका. फक्त विचारा, जमा कुठे करायचं."

सकाळी काकू तक्तेसाहेबांच्या खोलीत गेल्या. तक्तेसाहेब घरनिहाय रकाने आखत होते. "साहेब, एक विचारायचं होतं. मेलेल्या किड्यांचा चेंदा होतो. मग मोजणार कसे?"

तक्तेसाहेबांचा पेन थांबला. हा मुद्दा त्यांच्या लक्षात आला नव्हता आणि तो फार गंभीर होता.

"जिवंत आणायला सांगा," काकू म्हणाल्या. "डब्यात, झाकणाला भोकं पाडून. माझ्या अवजारांच्या खोलीत आणून द्या. मोजणी तुम्ही करा. पुढचं मी बघते."

"पुढचं म्हणजे विल्हेवाट?"

"ती माझ्यावर सोडा."

"काकू," तक्तेसाहेब भारावून म्हणाले, "तुमच्यात पद्धतशीर विचार आहे, हे मला माहीत नव्हतं. मी त्या जहाल औषधाचं पिंपही मागवणार होतो."

"मागवा की. फक्त औषधाने सगळे एकदम मेले, तर तुमच्या तक्त्यात काय भरणार?"

पिंप मागवलं गेलं नाही.

*

पुढचे पंधरा दिवस वसाहतीने जे पाहिलं ते तिच्या इतिहासात नव्हतं. एरवी पडलेला कागद न उचलणाऱ्या बायका कुंपणांत वाकून, चिमट्याने, रंगाच्या ब्रशने, एकीने तर भुवया कोरायच्या चिमट्याने, किडे वेचत होत्या. बिस्किटांचे डबे, गोळ्यांच्या बाटल्या, पावडरचे डबे काकूंच्या खोलीत येत होते. दोन शेजारणींचं बोलणं बंद झालं, कारण एकीने दुसरीच्या कुंपणातले अकरा किडे तिच्या डुलकीच्या वेळात वेचले. "माझ्या जास्वंदीवरचे होते ते! मी वाढवलेत!" असं ती भर रस्त्यात म्हणाली आणि मग आपण काय बोललो हे कळून गप्प बसली.

अकाउंटंटीणबाई सर्वांच्या पुढे होती. एके दिवशी तिने बिस्किटाचा डबा आणला. "चाळीस आहेत. मी स्वतः मोजलेत."

तक्तेसाहेबांनी मोजले. "एकतीस."

"काय? काकू, कुणाला दिलेत नऊ?"

"कालपासून डब्यात ठेवले होते का बाई?"

"हो."

"उपाशी?"

"मग काय, किड्यांना नाश्ता देऊ?"

"भुकेले की एकमेकांना खातात ते," काकू म्हणाल्या.

अकाउंटंटीणबाईने डब्यात डोकावून पाहिलं आणि झाकण लावलं. "किती नीच जात आहे," ती म्हणाली आणि पुढच्या डब्यापासून नेमाने आत माव्याची फांदी टाकू लागली. बक्षीस घड्याळाचं होतं.

मोजणी संपली, तक्तेसाहेब गेले, की काकू डबे उचलायच्या. उतरत्या उन्हात शिडी लावून, मऊ ब्रशने एकेक पिल्लू पाइनच्या सुयांवर सोडायच्या. पिल्लू जरा थांबायचं, वास घ्यायचं आणि मग पहिल्याच माव्याला धरायचं. काकू शिडीवर बसून बघत राहायच्या. मुंग्या खाली ग्रीसच्या पट्टीपाशी येऊन फिरून जात होत्या. कुणी विचारलं, "काकू, नायनाट चाललाय वाटतं?" तर काकू वरून मनापासून म्हणायच्या, "हो, जोरात चाललाय."

तक्तेसाहेबांच्या सूचनेवरून क्लबमध्ये एक काचेची बरणीही ठेवली होती. चिठ्ठी: "शत्रू". आत बारा पिल्लं. काकूंना त्यांची दया यायची म्हणून त्या रोज सकाळी आत ताजी, मावा असलेली फांदी टाकायच्या. शेजारच्या तक्त्यावर तक्तेसाहेब रोजची संख्या लिहायचे. बारा, बारा, बारा. मग एके दिवशी नऊ पिल्लं फांदीला उलटी चिकटली, आखडली आणि हलेनाशी झाली. तक्तेसाहेबांनी लिहिलं: "मृत, नऊ. मोहिमेचा धसका."

*

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा काकू पाचलाच उठून बसल्या होत्या. पलंगपोस सात वाजता दोरीवर गेला. दिवसभर काकू गुलाबांपाशी उगाच माती भुसभुशीत करत होत्या. वर बघायचं नाही असं ठरवून शंभरदा वर बघत होत्या. गेल्या चार दिवसांत त्यांना खाली ठिपका दिसला नव्हता. पण उंचावरच्या शेंड्यांचा भरवसा कोण देणार? लाकूडवाला आधीच येऊन झाडांची उंची बघून गेला होता. त्याने खोडावर खडूने फुल्याही मारल्या होत्या. तिसऱ्या पाइनवरची फुली काकूंनी ओल्या फडक्याने पुसली. पुसून काही होणार नाही हे ठाऊक असून पुसली.

संध्याकाळी झाडाखाली टेबल मांडलं. घड्याळ, बरणी, चहा. सभेतली मंडळी जमली, बालवाडीची मुलं घेऊन सूनही आली. बाईसाहेबांनी स्वतः दोरीवरचे चिमटे काढले, पलंगपोस दोन्ही हातांनी उजेडात धरला. 

पांढरा. कोरा. बाईसाहेबांनी बोट फिरवलं. बोट सरकत गेलं.

आणि त्याच वेळी निळ्या वेलीजवळून एक काळपट, काटेरी पिल्लू निवांत चालत वर आलं.

"एक राहिलं!" बाईसाहेब ओरडल्या. पलंगपोस टेबलावर पडला, चप्पल पायातून हातात आली आणि फटकन बसली.

पांढऱ्यावर नारिंगी डाग. रुपयाएवढा.

 मग अकाउंटंटीणबाईने हलकेच म्हटलं, "डाग पडला की."

तक्तेसाहेब पेन काढून घोटाळले. "अट स्पष्ट आहे. डाग दिसला तर. डाग दिसतोय. मी काय करणार? डाग, एक."

"अहो, तो झाडाचा आहे का?" सून म्हणाली. "हात लावून बघा, चिकट तरी आहे का?"

"अटीत चिकट असा शब्द नाही," तक्तेसाहेब म्हणाले, आणि तो खरंच नव्हता.

काकूंनी  तीस वर्षांत त्या झाडांना कधी कुऱ्हाड लागू दिली नव्हती, आणि आता एका चपलेने कुऱ्हाडीचं काम केलं होतं. त्यांची नजर टेबलावर फिरली आणि बरणीवर थांबली. त्या पुढे झाल्या, बरणी उचलली आणि एक शब्द न बोलता बाईसाहेबांच्या हातात दिली. सासऱ्यांची पद्धत होती ती.

बाईसाहेबांनी आत पाहिलं.

तीन पिल्लं अजून काळपट, काटेरी, फांदीवर फिरत होती. त्यांच्या खाली, नऊ "मृतां"पैकी पाचांची सालं रिकामी लोंबत होती. सहाव्याचं साल मधोमध फाटलं होतं आणि त्यातून पिवळट, ओलसर, बिनठिपक्यांचं काहीतरी अर्धवट बाहेर येत होतं. आणि बरणीच्या काचेवर पाच लेडीबर्ड चढत होत्या. लाल. गोल. प्रत्येकीच्या पाठीवर सात ठिपके, फ्रीजवर असतात तसेच.

बाईसाहेबांनी बरणी फिरवली. पिल्लू पाहिलं, साल पाहिलं, लेडीबर्ड पाहिली. पुन्हा पिल्लू पाहिलं. बालवाडीतली एक मुलगी टाचा उंचावून म्हणाली, "बाई, ते काळं होतं ना, तेच लाल झालं!" सुनेने तिला गप्प केलं नाही.

बाईसाहेबांचा हात कॉलरवरच्या ब्रोचकडे गेला. मग त्यांचं लक्ष टेबलावर गेलं, जिथे चप्पल अजून पलंगपोसावर पडलेली होती. त्यांनी ती हळूच उचलून पायात घातली. 

"तक्तेसाहेब," त्या शेवटी म्हणाल्या, "लिहा. पलंगपोस स्वच्छ."

"पण डाग..."

"तो डाग माझा आहे. झाडाचा नाही."

तक्तेसाहेबांनी डागाच्या रकान्यात रेघ मारली. अकाउंटंटीणबाईला घड्याळ मिळालं. तिचा आकडा चारशे बारा होता आणि टाळ्याही वाजल्या, कारण मुलांना टाळ्या वाजवायला आधीच शिकवलं होतं. लाकूडवाल्याला निरोप गेला. काकू तिसऱ्या पाइनपाशी गेल्या, खोडाला पाठ टेकली आणि बूट काढून त्यातला वर्तमानपत्राचा बोळा नीट करत बसल्या. डोळे पुसायला त्याहून बरं निमित्त नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब एकट्याच बागेत आल्या.

"काकू, मी किती मारले असतील?"

"पहिल्या दिवशीचे पंधरा. आणि कालचा एक."

"बाकीचे?"

काकूंनी वर बोट केलं. बाईसाहेब बराच वेळ वर बघत राहिल्या.

"मला तेव्हाच नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की."

"हो," बाईसाहेब म्हणाल्या. "सांगितलं होतं. हे कुणाकडे बोलायचं नाही हं." काकूंनी मान डोलावली. बोलून त्यांना काय मिळणार होतं? झाडं उभी होती.

पण आठवड्याने तक्तेसाहेब कागद नाचवत आले. त्यांनी मुख्य कचेरीला अहवाल पाठवला होता: कीड-वेचणी मोहिमेमुळे नऊ वृक्ष वाचले. मुख्य कचेरी खूश झाली होती आणि आता सगळ्या वसाहतींना परिपत्रक जाणार होतं, शत्रूच्या फोटोसकट; मसुदा तक्तेसाहेबांनीच लिहायचा होता. काकूंच्या हातातली झारी तशीच वाहत राहिली. तिकडे कुठे अवजारांची खोली असेल, कुठे नसेल. चपला मात्र सगळीकडे असणार.

त्या बुटांसकट बंगल्याच्या स्वयंपाकघरात शिरल्या. बाईसाहेबांनी फरशीकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं आणि रागवायचं टाळलं. ऐकून घेतलं, चष्मा लावला, परिपत्रकाचा मसुदा मागवला.

"खरं लिहायचं का?" काकूंनी विचारलं.

"खरं लिहिलं तर मुख्य कचेरी चौकशी समिती नेमेल. समिती येईपर्यंत पिल्लं म्हातारी होऊन मरतील." बाईसाहेबांनी मसुद्याच्या तळाशी एक ओळ घातली आणि मोठ्याने वाचली: "जमा केलेली कीड जिवंत अवस्थेतच त्या त्या वसाहतीच्या माळ्याच्या ताब्यात द्यावी. तिची विल्हेवाट माळी जाणतो." मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "जाणतो ना?"

"जाणतो," काकू म्हणाल्या. "माळी असेल तर."

निघताना बाईसाहेबांनी त्यांच्या हातात घडी केलेला पलंगपोस ठेवला. नारिंगी डाग काही केल्या निघाला नव्हता, आणि तो अंथरून झोपायची त्यांची हिंमत नव्हती.

काकूंनी घरी जाऊन त्याच्या लांब पट्ट्या फाडल्या. यजमान शिंकले, कापडाला पाइनचा वास होता. दुसऱ्या दिवशी नऊही खोडांना निळी वेल असलेल्या, ग्रीस लावलेल्या पट्ट्या बसल्या. डागाचा तुकडा काकूंनी तिसऱ्या झाडाला बांधला, डाग आतल्या बाजूला करून.

पुढच्या भेटीला संचालक आले तेव्हा त्यांच्या गाडीची काच खाली होती. "झाडांना हे काय बांधलंय? छान दिसतंय," ते म्हणाले.

तक्तेसाहेब क्षणभरच अडखळले. "नवी पद्धत आहे सर," ते म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत त्याचाही तक्ता लागला.